शेकडा तीस खोट

मापसाहेबांनी विजेवर चालणारी गाडी घेतली ही बातमी गाडीच्या आधी इमारतीत पोचली होती. गाडीला आवाज नव्हता, पण शेजाऱ्यांना होता. साहेब फाटकातून आत शिरले तेव्हा खाली पाच माणसं उभी होती. ती अभिनंदनाला आली असावीत असं समजून साहेबांनी काच खाली केली आणि चेहऱ्यावर नम्र हसू आणलं. पण मंडळी सरळ गाडीभोवती फिरू लागली. चेहरे असे, की आत पेशंट आहे आणि नातेवाइकांना अजून काही सांगितलेलं नाही.

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त डेंटिस्टांनी बॉनेट उघडायला लावलं आणि सवयीने आत वाकून पाहिलं.

"इंजिन काढलंय?"

"इंजिन नसतंच यात."

"मग इथे काय आहे?"

"जागा आहे. सामान ठेवायला."

"म्हणजे पोकळी," डेंटिस्ट म्हणाले आणि मान हलवत बाजूला झाले. पोकळी दिसली की पुढे काय होतं हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. पावसात शॉक बसतो. उन्हात बॅटरी फुगते. थंडीत ती आकसते. चोर नेत नाहीत, कारण नेऊन करायचं काय? त्यांच्यापैकी एकाकडेही विजेची गाडी नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला खात्रीने बोलता येत होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच वाक्य टाकलं, "एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटर. छापील आकडा आहे."

या वाक्यावर त्यांचा सगळा भार होता, आणि त्याला कारणही होतं. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू, दूधवाल्यांची मापं आणि ट्रकच्या ट्रक तोलणारे भुईकाटे तपासून त्यांवर शिक्का मारायचा, आणि खोटं सापडलं तर सील ठोकायचं, हे काम ते अठ्ठावीस वर्षं करत होते. मापात पाप दिसलं की त्यांच्या डाव्या भुवईला आपोआप कंप सुटे. घरात दुधाची पिशवी आली की ती आधी मोजपात्रात ओतली जाई, मग पातेल्यात. असा माणूस जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबावर विश्वास ठेवणार नाही, पण आकड्यावर ठेवणारच. आकडा छापलाय म्हणजे कुणीतरी मोजला असणार.

पहिल्या पंधरवड्यात साहेबांनी तो स्वतः मोजला. दोनशे दहा भरला.

त्यांनी पुन्हा मोजला. एसी बंद केला, काचा लावल्या, टायरमधली हवा तपासली. शेवटी बायकोला घरी ठेवून एकटे जाऊन आले.

"मग? मी नसताना किती वाढले?" बाईंनी विचारलं.

"चार."

"म्हणजे माझं वजन चार किलोमीटर," बाई म्हणाल्या आणि शांतपणे भाजी चिरू लागल्या. त्या सरकारी रुग्णालयात चौकशीच्या खिडकीवर बसत. दिवसाला दोनशे घाबरलेली माणसं त्यांच्यापुढे येत, आणि "आधी बसा, मग बोलू" हे वाक्य त्या अशा आवाजात म्हणत की निम्मी माणसं तिथेच बरी होत. नवराही त्यांना त्या खिडकीतूनच दिसायचा.

साहेब शोरूममध्ये गेले. विक्रेता तरुण, इस्त्रीचा आणि अतिशय आनंदी होता.

"सर, तीनशे हा आदर्श परिस्थितीतला आकडा आहे."

"म्हणजे कुठली परिस्थिती?"

"रस्ता सपाट, वारा नाही, उकाडा नाही, वेग एकसारखा."

"असा रस्ता कुठे आहे?"

"प्रयोगशाळेत, सर."

"प्रयोगशाळेत रस्ता?"

"रोलर असतात, सर. चाकं फिरतात, गाडी जागेवरच असते."

साहेबांनी ते मनाशी जुळवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे ही गाडी तीनशे किलोमीटर जाते, फक्त कुठेही न जाता."

"करेक्ट, सर!" विक्रेता म्हणाला. ग्राहकाला समजलं याचा त्याला मनापासून आनंद झाला.

साहेब घरी आले ते दुखऱ्या मनाने. किलोमागे पन्नास ग्रॅम मारणाऱ्या वाण्याला त्यांनी भर बाजारात उभं केलं होतं, आणि आता शेकडा तीस खोट असलेली वस्तू त्यांच्याच दाराशी उभी होती, तीही त्यांनीच धुऊनपुसून ठेवलेली. बोलणार कुणाजवळ? इमारतीत खरा आकडा सांगितला तर डेंटिस्ट मान हलवणार. म्हणून साहेबांनी मौन पत्करलं. कुणी विचारलंच, "काय, किती जाते?" तर ते म्हणत, "छान जाते." अठ्ठावीस वर्षांत 'छान' हे माप त्यांनी पहिल्यांदाच वापरलं, आणि दर वेळी त्यांची भुवई हलली.

त्यातून चार्जिंगचा प्रश्न होता. खाली पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायचा, तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "सदर बाबतीत वीज कंपनीचं पत्र आणा की लोड झेपेल." सेक्रेटरी तळमजल्यावर राहत आणि इतिवृत्ताच्या भाषेत बोलत. घरात चहा मागतानाही ते 'सदर चहा' म्हणत असा लोकांचा समज होता. साहेब वीज कंपनीत गेले. तिथला इंजिनिअर म्हणाला, "लोड पाहायला अर्ज लागतो. अर्जाला सोसायटीचं ना-हरकत लागतं." साहेब सोसायटीत आले. सेक्रेटरी म्हणाले, "पत्राशिवाय ना-हरकत कसं देणार?" साहेब परत गेले. इंजिनिअर भला माणूस होता. त्याने पंखा साहेबांकडे वळवला, पाणी मागवलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीही सरकारी, मीही सरकारी. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

साहेबांनी विचार करून सांगितलं, "पत्र देता येत नाही, असं पत्र द्या."

इंजिनिअरने लगेच दिलं. सेक्रेटरींनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं, मागूनपुढून पाहिलं, आणि म्हणाले, "पत्र आणा म्हटलं होतं, पत्र आणलंत. विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवतो. पुढच्या महिन्यात, तिसरा रविवार."

तोवर काय? तोवर साहेबांनी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक जाडजूड वायर खाली सोडली. ती नेमकी सेक्रेटरींच्या न्हाणीघराच्या खिडकीवरून जात होती. सेक्रेटरींनी लेखी कळवलं की सदर वायरमुळे आंघोळ करताना कुणीतरी पाहत असल्याची भावना होते. साहेबांनी वायर दीड फूट डावीकडे सरकवली. तिथे ती दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या कुंडीला अडकून कुंडी डेंटिस्टांच्या खिडकीवरच्या छपरावर पडली. कुंडी भरून दिली. मग एका सकाळी गाडी चार्जिंगला असताना बाईंनी इस्त्री लावली, साहेबांनी गीझर लावला, आणि 'फट्' असा आवाज होऊन सबंध इमारतीची वीज गेली. लिफ्टमध्ये शिवणकामवाल्या ताई अडकल्या. त्या एका गिऱ्हाइकाचा पोशाख द्यायला निघाल्या होत्या, आणि गिऱ्हाईक खाली उभं राहून ओरडत होतं की लग्न अकराला आहे. वीस मिनिटांनी ताई बाहेर आल्या. त्यांनी साहेबांकडे नुसतं पाहिलं. शिवणाऱ्या बायका बघतात तसं, खांद्यापासून खाली, माप घेत.

हे सगळं चालू असतानाच साडूंचा फोन आला.

साडू म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्तीनंतर त्यांनी डोंगरावर घर बांधलं होतं आणि दाराशी डिझेलची एक अशी गाडी ठेवली होती की तिला घरचेही रणगाडा म्हणत. बाईंची आई, वय वर्षं ब्याऐंशी, गेलं वर्षभर त्यांच्याकडे होती. आता तिला तीन महिने आपल्याकडे आणायचं म्हणून बाईंनी रजा काढली होती, खोली लावली होती आणि पलंगाची उंची दोन इंचांनी कमी करून घेतली होती.

"या ना न्यायला," साडू फोनवर म्हणाले. "म्हणजे गाडी येईल ना इथवर? नाहीतर मीच सोडतो आईंना. उगाच त्यांना अर्ध्या वाटेत दगडावर बसवायला नको."

साहेबांनी फोन कानापासून दूर धरला, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "शनिवारी दुपारी जेवायला येतो."

अंतर होतं एकशे पासष्ट किलोमीटर. हिशोबाने दोनशे दहात ते आरामात बसत होतं. पण हिशोबात डोंगर धरला नव्हता. डोंगराची चूक नाही, तो पहिल्यापासून तिथेच होता.

शनिवारी सकाळी आठला दोघं निघाली. बाईंनी डबा घेतला. "जेवायला तर तिथेच पोचतोय," साहेब म्हणाले. "हो ना," असं म्हणून बाईंनी डब्यात आणखी दोन वाट्या ठेवल्या. पहिले ऐंशी किलोमीटर फार सुखाचे गेले. साहेब गुणगुणत होते, गाडीही त्याच पट्टीत गुणगुणत होती. मग रस्ता चढू लागला आणि समोरच्या पडद्यावरचे टक्के उतरू लागले. एक वळण, एक टक्का. पुढचं वळण, दोन टक्के. साहेबांनी एसी बंद केला, मग रेडिओ. शेवटी ते श्वाससुद्धा बेताने घेऊ लागले.

एकशे बारा किलोमीटरवर पेट्रोलपंपात चार्जिंगचं मशीन होतं. हे साहेबांनी आधीच नकाशात पाहून ठेवलं होतं. मशीन होतंही, उंच आणि चकचकीत. त्याच्यावर कागद चिकटवला होता : 'चालू आहे. बंद पडल्यास फोन करावा.' ते बंद होतं. साहेबांनी फोन केला. पलीकडून एका गोड आवाजाने सांगितलं की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि तो इतका महत्त्वाचा ठरला की बारा मिनिटं कुणी उचललाच नाही.

"किती राहिलेत?" बाईंनी विचारलं.

"पंधरा टक्के."

"आधी बसा, मग बोलू."

साहेब बसले. आणखी आठ किलोमीटर गेल्यावर नऊ टक्के उरले, आणि डाव्या हाताला एक मोठं पत्र्याचं छप्पर दिसलं. पुढे लोखंडी पाट्यांचा लांबरुंद चौथरा, त्यावर रेतीचा ट्रक उभा, बाजूला काचेची केबिन. भुईकाटा. म्हणजे वीज होती, आणि चांगली दणकट होती. बाई म्हणाल्या, "थांबा, इथे विचारू."

साहेबांनी ब्रेक लावला, पाटी वाचली आणि एकदम पाय उचलला. "नको. पुढे बघू."

"का?"

"अकरा वर्षांपूर्वी या काट्याला मी सील ठोकलंय. दहा टनाला ऐंशी किलो जास्त दाखवत होता. मालक पाया पडायचा तेवढा बाकी होता. मी ऐकलं नव्हतं."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "नऊ टक्के आहेत, अहो. ही गाडी अभिमानावर चालत असती तर आपण कधीच पोचलो असतो."

साहेबांनी गाडी आत घेतली.

केबिनमधून मालक बाहेर आला. केस पिकले होते, पोट वाढलं होतं, पण त्याने साहेबांना आधी ओळखलं. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. पिंजऱ्यातून सुटलेला पोपट आणि पिंजऱ्याचा मालक रस्त्यात भेटावेत, तसा तो प्रसंग होता.

"साहेब! तपासणीला?"

"नाही," साहेब म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला. "गाडी... चार्ज करायची होती."

मालकाने गाडीकडे पाहिलं. मग छपरात नेऊन एक दणकट प्लग दाखवला आणि स्वतः वायर जोडून दिली. दोन खुर्च्या मांडल्या, चहा आणला, आणि तिसऱ्या खुर्चीवर बसत म्हणाला, "काय म्हणते गाडी? कंपनी किती सांगते?"

"तीनशे."

"आणि देते किती?"

'छान देते' हे उत्तर साहेबांच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण समोर काटा होता. काट्यासमोर खोटं बोलणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"दोनशे दहा," ते म्हणाले. "चढावर त्याहून कमी."

मालकाने कप खाली ठेवला. बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे शेकडा तीस."

"तीस."

"माझी खोट दहा टनाला ऐंशी किलो होती. शेकडा एकसुद्धा नाही. तेवढ्यासाठी तुम्ही सील ठोकलंत, साहेब. वर म्हणालात, 'खोटं ते खोटं, त्यात लहानमोठं नसतं.' ते वाक्य मला पाठ आहे."

साहेबांना वाटलं, बसल्या जागी जमीन खाली जावी; जमिनीखाली काटा असल्यामुळे ती थोडी गेलीही असती. बाईंनी मध्ये पडायला तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला.

"बरोबर आहे तुमचं. ही गाडी माझ्यापुढे तपासणीला आली असती, तर मी हिलाही सील ठोकलं असतं. आणि खरं सांगू? महिनाभर मी लोकांना हा आकडा सांगितलेला नाही. लाज वाटत होती."

मालक मोठ्याने हसला. त्या हसण्यात कडवटपणा असेल म्हणून साहेब सावरून बसले होते, पण तसा तो नव्हता.

"साहेब, तुम्ही गेलात आणि मी तीन महिने तुम्हाला शिव्या देत होतो. ताई, माफ करा, पण देत होतो. मग काटा दुरुस्त केला. म्हटलं, आता असा करतो की हा माणूस परत आला तर त्याला एक किलो सापडता कामा नये. तेव्हापासून दर महिन्याला स्वतः तपासतो. या रस्त्यावर आणखी दोन काटे आहेत, माझ्या अलीकडे. ट्रकवाले ते सोडून इथे येतात. 'खरा काटा' म्हणतात याला. पण तुमची बदली झाली. दुसरे साहेब येतात, शिक्का मारतात, चहा पिऊन जातात. नीट बघत कुणी नाही. अकरा वर्षं वाट बघतोय मी तुमची."

साहेब उठले. त्या क्षणी ते गाडी बंद पडलेले गृहस्थ राहिले नाहीत. रेतीचा ट्रक खाली घ्यायला लावून, बाह्या दुमडून ते चौथऱ्याभोवती फिरले, गुडघे टेकून फटींत वाकून पाहिलं, चारी कोपऱ्यांवर स्वतः उभे राहून चारदा आकडा लिहून घेतला. तपासणीची वजनं काही सोबत नव्हती. मग मालकानेच सुचवलं, "गाडी चढवा की. कागदावर वजन असेल तिचं."

कागदावर वजन होतं चौदाशे किलो. बाईंनी आधीच जाहीर केलं की त्या चौथऱ्याच्या जवळपाससुद्धा येणार नाहीत. सामान उतरवलं, डबा उतरवला, वायर काढून गाडी वर चढवली, साहेब खाली उतरले. केबिनमधला लाल आकडा थरथरला आणि स्थिर झाला.

चौदाशे.

"एवढं तरी कंपनीने खरं सांगितलं," साहेब म्हणाले.

"आणि माझ्या काट्याने," मालक म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "लिहून द्याल?"

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या काट्याच्या वहीत तारीख घालून लिहिलं : 'आज प्रत्यक्ष पाहिला. कागदावरच्या वजनाशी अचूक जुळला.' खाली सही केली. सरकारी शिक्का नव्हता, त्या वहीला कायद्याने काडीची किंमत नव्हती. पण मालकाने ती दोन्ही हातांनी धरली. मग चौघांनी डबा उघडून जेवण केलं. चौथा रेतीच्या ट्रकचा ड्रायव्हर होता, आणि बाईंनी जास्तीच्या घेतलेल्या वाट्या त्यालाच पुरल्या. जाताना मालक वीज मोजून पैसे घ्यायला तयार होईना. साहेब म्हणाले, "मापाने घेतलंय, मापाने देणार." ते वाक्य ऐकल्यावर मालकाने मुकाट्याने मीटर वाचला.

चार तास चार्ज होऊन गाडी सव्वाचारला निघाली आणि पावणेसहाला साडूंच्या फाटकात पोचली. ऊन अजून अंगणात होतं. साडू झोपाळ्यावर बसले होते, हातात घड्याळ.

"दुपारच्या जेवणाला म्हणाला होतात. कुठल्या दिवशीच्या, ते विचारायचं राहिलं."

बाईंनी साहेबांच्या दंडाला हळूच स्पर्श केला. रस्ता खराब होता म्हणा, टायर पंक्चर झाला म्हणा, असा त्याचा अर्थ होता. पण साहेबांच्या अंगात अजून तो काटा होता.

"साडूबुवा, पावणेदहा तास लागले. कंपनी तीनशे सांगते, सपाटीला दोनशे दहा देते, चढावर दीडशेसुद्धा नाही. वाटेतलं मशीन बंद होतं. एका भुईकाट्यावर चार तास बसलो. आता बावीस टक्के उरलेत. आणखी काही विचारायचंय?"

साडूंनी बरंच काही तयार करून ठेवलं होतं. महिनाभर ठेवलं असावं. पण समोरचा माणूस सगळं आधीच सांगून बसला, तर टोमणा मारायचा कुठे? त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. शेवटी म्हणाले, "रणगाडापण चढावर फार पितो. मी कुणाला सांगत नाही." आणि प्लग कुठे आहे ते दाखवायला स्वतः उठले.

रविवारी आई मागच्या सीटवर बसली. गाडी फाटकाबाहेर पडून दोन वळणं उतरली तरी ती कान देऊन ऐकत होती.

"सुरू केलीस का रे?"

"आपण दोन वळणं उतरलो, आई."

"बरं आहे हे. त्या रणगाड्यात माझी कवळी वाजते." आणि ती झोपली.

उतरताना गाडी पुन्हा भरत होती. साहेब टक्के बघत होते आणि विश्वास बसत नव्हता. पंचेचाळीस किलोमीटर उतरून भुईकाटा जवळ आला तेव्हा फक्त तीन टक्के खर्च झाले होते. हा आकडा कंपनीने कुठेही छापला नव्हता. म्हणजे जिथे खोटं बोलायचं तिथे बोलले, आणि जिथे फुशारकी मारायची तिथे विसरले. भुईकाट्यासमोरून जाताना साहेबांनी हॉर्न दिला. केबिनमधून एक हात वर झाला.

तिसऱ्या रविवारी सर्वसाधारण सभा भरली. गच्चीवर सतरंजी, वीस-बावीस माणसं. साहेबांचा विषय सातवा होता. त्यांच्या हातात एक कागद होता.

"मी आधी खोट सांगतो," ते म्हणाले, आणि सुरू झाले. तीनशे-दोनशे दहा, चढाचं गणित, बंद मशीन, चार तास, न्हाणीघर, कुंडी, इस्त्री-गीझर. लिफ्टचं सांगताना त्यांनी ताईंची नाव न घेता माफी मागितली, आणि सगळ्यांनी वळून ताईंकडे पाहिलं. मग त्यांनी जमेची बाजू वाचली. ती लहान होती. उतारावर तीन टक्के, दमा असलेल्या सासूबाई गाडीत खोकल्या नाहीत, आणि रोजच्या ऑफिसच्या सव्वीस किलोमीटरांना काही म्हणजे काही अडचण नाही.

डेंटिस्ट मान हलवायला विसरले.

सेक्रेटरी उभे राहिले. "सदर वाहनाची बॅटरी आठ-दहा वर्षांनी निकामी होते असं ऐकिवात आहे. मग ते वाहन घेणार कोण? आणि आपण आज जो पॉइंट देणार त्याचं पुढे काय?"

साहेबांच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. तिथेही नव्हतं. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "माहीत नाही."

त्या इमारतीच्या सव्वीस वर्षांच्या इतिहासात, सर्वसाधारण सभेत, हे दोन शब्द कुणीही उच्चारलेले नव्हते. टाकी का गळते हे प्रत्येकाला माहीत असे. लिफ्ट का अडकते हे तर लहान मुलांनाही माहीत असे.

"माहीत नाही," साहेब पुन्हा म्हणाले, "कारण अजून मोजलेलं नाही. मी वही ठेवली आहे. दर महिन्याला मोजतोय. आठ वर्षांनी विचारा, खरा आकडा सांगेन. वाईट असला तरी सांगेन."

मागून शिवणकामवाल्या ताई उठल्या. साहेबांनी मनातल्या मनात कुंडी, लिफ्ट आणि अकराचं लग्न यांची पुन्हा बेरीज केली.

"वीस मिनिटं अडकवलंय मला यांनी," ताई म्हणाल्या. "तरी माझं मत 'हो'. बिल्डरने टाकी गळते हे सांगितलं नव्हतं. लिफ्टवाल्याने लिफ्ट अडकते हे सांगितलं नव्हतं. स्वतःच्या वस्तूची खोट भर सभेत वाचून दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय. यांना पॉइंट द्या. आणि एक पॉइंट जास्तीचा घ्या, मला स्कूटर बघायची आहे. पण शोरूममध्ये मी एकटी जाणार नाही. हे बरोबर येणार."

हात वर झाले. आधी थोडे, मग एकेक करून सगळे. शेवटी डेंटिस्टांचाही, जरा वाकडा, पण वर. साहेबांनी कागदाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. सतरंजीच्या टोकाला बाई आईचा हात धरून बसल्या होत्या. आई विचारत होती, "काय झालं गं?" आणि बाई तिच्या कानात सांगत होत्या, नेहमीच्या आवाजात नाही, जरा मोठ्याने, आजूबाजूच्या चारजणांना ऐकू जाईल अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतिवृत्त फलकावर लागलं. ऑफिसला जाताना साहेब थांबले. विषय क्रमांक सात. 'सदर सभासदांनी वाहनाचा पल्ला सुमारे दोनशे दहा किलोमीटर असल्याचे निवेदन केले. बॅटरीच्या भवितव्याविषयी विचारणा केली असता सदर सभासदांनी "माहीत नाही" असे उत्तर दिले. सभेने सदर उत्तर एकमताने मान्य केले.'

साहेबांनी ते तीन वेळा वाचलं. छाती जराशी पुढे आली. मग त्यांची डावी भुवई हलली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं, 'सुमारे' हा शब्द नीट एका रेघेने खोडला, आणि बाजूला तारीख घालून सही केली.